भय, स्मृती आणि अभय : मेंदूविज्ञानाच्या प्रकाशात एक अभ्यास

स्मरणिका म्हणजे आठवणींचा ग्रंथ. या ग्रंथाच्या पानापानांतून आमचे माजी विद्यार्थी सकाळची वंदना, भोजनगृहातील पंगत, मैदानावरचे खेळ आणि गुरुजनांची माया आठवतील. ते उचितच आहे. परंतु प्रत्येकाच्या मनात आठवणींचा आणखी एक कप्पा असतो आणि तो सहसा छापला जात नाही. वसतिगृहातील पहिली रात्र, दिवे मालवल्यानंतरचा अंधार, नाव पुकारले जाताच छातीत होणारी धडधड, उत्तरपत्रिकेसमोर कोरे पडलेले डोके हे सारे त्या कप्प्यात असते. दर वर्षी जून महिन्यात नवी मुले दाखल होतात आणि पालक फाटकापर्यंत जाऊन मागे वळून पाहतात, तेव्हा मुलांच्या डोळ्यांत आम्हांला हेच भय दिसते. पालकांच्या डोळ्यांतही ते दिसते.

भय म्हणजे काय, ते मेंदूत कोठे आणि कसे घडते, भयाच्या आठवणी इतक्या खोल का रुजतात, आणि त्या पुसता येतात काय, या प्रश्नांवर गेल्या शतकभरात पुष्कळ संशोधन झाले आहे. त्याचा सोप्या भाषेत परिचय करून द्यावा, तथागतांनी भयाविषयी जे सांगितले त्याच्याशी तो ताडून पाहावा, आणि शिक्षक व पालक म्हणून आपण त्यातून काय घ्यावे याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मसूर स्थानकावरची सायंकाळ

प्रारंभ एका आठवणीने करू. १९०१ साली सातारा येथे राहणारी काही मुले आपल्या वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने निघाली. अंगावर नवे कपडे होते, डोक्यावर जरीच्या टोप्या होत्या आणि पहिल्यावहिल्या प्रवासाचा आनंद मनात मावत नव्हता. मसूर स्थानकावर ती उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि त्यांचा चेहरा क्षणात पालटला. एकही गाडीवान मुलांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने पायी चालायचे, या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण प्यायला पाणी मिळेना. म्हणून मुलांना अन्नही खाता आले नाही. अंधारलेल्या रस्त्यावर, अनोळखी माणसाच्या सोबतीने, तहानलेल्या पोटी त्या मुलांनी रात्र काढली.

त्या मुलांतील एक होता भीमराव रामजी आंबेडकर. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर, दोन महाद्वीपांत उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात हा प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह लिहिला. कपडे, टोप्या, गाडीवानाशी झालेला सौदा, पाणी मागताना झालेले संवाद, सारे त्यांना आठवत होते. या प्रसंगाचा आपल्या मनावर न पुसणारा ठसा उमटला, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. शाळेत वेगळ्या तरटावर बसण्याचा अनुभव त्यांना त्यापूर्वीही होता. मग याच रात्रीचा ठसा इतका खोल का? महापुरुषाच्या मनाचे शवविच्छेदन करण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु भयाने भारलेली एक रात्र आयुष्यभर का टिकते, या प्रश्नाचे उत्तर आज विज्ञान बऱ्याच अंशी देऊ शकते.

धोक्याची घंटा

आपल्या मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचा एक पेशीसमूह असतो. त्यास अमिग्डाला म्हणतात. ग्रीक भाषेतील बदामाच्या नावावरूनच हे नाव पडले. न्यूयॉर्क विद्यापीठातील जोसेफ लेडू यांनी १९८०च्या दशकापासून उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून याचे कार्य उलगडत गेले. डोळे आणि कान यांनी टिपलेली माहिती प्रथम थॅलॅमस या केंद्रात येते. तेथून तिला दोन वाटा फुटतात. एक वाट मेंदूच्या बाह्यपटलाकडे जाते. तेथे ‘हे नेमके काय आहे’ याची छाननी होते आणि मग संदेश अमिग्डालाकडे पोहोचतो. दुसरी वाट थेट अमिग्डालाकडे जाते. ती आखूड आणि वेगवान आहे, पण तिच्यावरून येणारे चित्र धूसर असते.

शेतात पायवाटेवर दोरी पडलेली असते आणि पाय आपोआप मागे येतो. ‘अरे, ही तर दोरी’ हे क्षणभराने कळते. पाय मागे येतो तो थेट, वेगवान वाटेमुळे. दोरी ओळखता येते ती बाह्यपटलाकडून जाणाऱ्या, संथ वाटेमुळे. दोरीला साप समजणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. सापाला दोरी समजणारा मात्र वाचत नाही. म्हणून निसर्गाने आपल्याला चुकीच्या बाजूने सावध राहणारा मेंदू दिला आहे.

अमिग्डालाकडून निघालेले संदेश शरीरभर पसरतात. हृदय वेगाने धावू लागते, तळहातांना घाम फुटतो, तोंड कोरडे पडते, स्नायू ताठरतात, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. पळणे, लढणे किंवा जागच्या जागी थिजणे यांसाठी ही तयारी असते. वर्गात उभे केल्यावर ज्या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही, ते मूल उद्धट नसते आणि मंदही नसते. त्याचे शरीर थिजलेले असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अमिग्डाला म्हणजेच भय, असे समीकरण मांडता येत नाही. दुर्मीळ आजारामुळे दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झालेल्या एका अमेरिकन स्त्रीचा संशोधकांनी दीर्घकाळ अभ्यास केला. तिला साप आणि कोळी यांचे भय वाटत नसे. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइडचे अधिक प्रमाण असलेली हवा हुंगल्यावर हीच स्त्री भयाने व्याकूळ झाली. शरीराच्या आतून येणाऱ्या गुदमरण्याच्या संकटाला मेंदूची अन्य केंद्रेही प्रतिसाद देतात, असा याचा अर्थ. लेडू यांनीही पुढे स्पष्ट केले की, अमिग्डाला धोका हेरतो व शरीराला सज्ज करतो. ‘मी घाबरलो आहे’ ही जाणीव घडवण्यात मात्र विचार करणाऱ्या बाह्यपटलाचा मोठा वाटा असतो. भयाची घंटा वाजणे आपल्या हाती नाही. त्या घंटेचा अर्थ लावणे काही प्रमाणात आपल्या हाती आहे.

भय शिकले जाते

काही मोजकी भये आपण जन्मतःच घेऊन येतो; बहुसंख्य भये आपण शिकतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांवरून हे तत्त्व पुढे आले. उंदराला एक सूर ऐकवावा आणि लगेच पायाला सौम्य विजेचा चटका द्यावा. दोनचार वेळा असे घडले की पुढे नुसता सूर ऐकूनही उंदीर थिजतो. सूर निरुपद्रवीच असतो; पण त्याला चटक्याची जोड मिळालेली असते. १९२० साली जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी अल्बर्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाळावर असाच प्रयोग केला. पांढऱ्या उंदराशी खेळणाऱ्या त्या बाळाला मोठ्या आवाजाने दचकवले गेले आणि ते उंदराला, पुढे सशासारख्या केसाळ वस्तूंनाही घाबरू लागले. असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. परंतु रागावलेला आवाज आणि गणिताचे पुस्तक यांची जोड जेथे जेथे रोज घातली जाते, तेथे तोच प्रयोग नकळत चालू असतो, हे आम्ही शिक्षकांनी विसरू नये.

भयाची आठवण आणि प्रसंगाची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हेही लक्षणीय आहे. स्वित्झर्लंडमधील डॉक्टर क्लापारेद यांनी १९११ साली एका स्मृतिभ्रष्ट रुग्ण स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. ती रोज डॉक्टरांना नव्याने भेटत असे. एके दिवशी त्यांनी हातात टाचणी लपवून हस्तांदोलन केले. पुढच्या वेळी तिने डॉक्टरांना ओळखले नाही, टाचणीही तिला आठवली नाही. तरी हात पुढे करण्यास तिने नकार दिला. प्रसंग कधी, कोठे, कसा घडला याची नोंद हिप्पोकॅम्पस हा भाग ठेवतो. धोक्याची खूणगाठ अमिग्डाला बांधतो. म्हणून कित्येकदा प्रसंग विसरला जातो आणि भय मागे उरते. ‘कशाची भीती वाटते?’ या प्रश्नाला मूल ‘माहीत नाही’ असे उत्तर देते, तेव्हा ते बहुधा खरेच सांगत असते.

भय शिकण्यासाठी स्वतःला चटका बसावाच लागतो असेही नाही. सुझन मिनेका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांवर अभ्यास केला. या माकडांना सापाचे भय नव्हते. जंगलात वाढलेली माकडे सापाला पाहून घाबरतात, हे त्यांनी नुसते पाहिले आणि तीही घाबरू लागली. पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्या समाजात ‘खाली मान घालून चाल’, ‘तिकडे जाऊ नकोस’, ‘मोठ्याने बोलू नकोस’ या सूचना आईच्या डोळ्यांतून आणि आजोबांच्या आवाजातून मुलांपर्यंत कशा पोहोचल्या असतील, याची कल्पना यावरून येते. त्या सूचना मायेपोटीच दिल्या जात, कारण धोका खरा होता. परंतु याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. ज्या माकडांनी आधी सापाजवळ निर्भयपणे वावरणारी माकडे पाहिली होती, त्यांतील बहुतेकांना पुढे घाबरलेली माकडे पाहूनही भय जडले नाही. धैर्यही पाहून शिकता येते, आणि आधी शिकले तर ते कवचासारखे टिकते.

आठवण कोरली का जाते?

परवाच्या दिवशी दुपारी काय जेवलो हे आपल्याला आठवत नाही. तीस वर्षांपूर्वीचा अपमान मात्र शब्दशः आठवतो. कॅलिफोर्नियातील जेम्स मॅकगॉ यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा अभ्यास केला. एखादा अनुभव घडताक्षणी त्याची आठवण पक्की होत नाही. पक्की होण्यास काही काळ लागतो. त्या काळात ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढली तर अमिग्डाला सक्रिय होतो आणि हिप्पोकॅम्पसमधील नोंद अधिक ठळक होते. १९९४ साली लॅरी काहिल, मॅकगॉ व सहकाऱ्यांनी काही लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली. तिच्या मधल्या भागात एका मुलाला भीषण अपघात होतो. साधारणतः हाच भाग लोकांच्या अधिक लक्षात राहतो. परंतु ज्यांना आधी ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारे औषध दिले होते, त्यांच्या बाबतीत हा ठळकपणा उरला नाही. भावना ही स्मृतीची शाई आहे, असे म्हणता येईल.

आपल्या मराठवाड्याला याचा सामूहिक अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी परिसरातील जड दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या पहाटेविषयी त्या भागातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. कोण कोठे झोपले होते, कोणता आवाज प्रथम आला, अंधारात कोणाचा हात हाती लागला, हे ते काल घडल्यासारखे सांगतात. वाचलेल्यांची तपासणी करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना अनेकांत आघातोत्तर तणाव आणि नैराश्य आढळले. भूकंप संपतो, पण अमिग्डालाच्या लेखी तो संपलेला नसतो. भांडे पडले, खिडकी थरथरली, तरी शरीर पुन्हा त्या पहाटेत जाऊन उभे राहते.

मात्र ठळक आठवण अचूकच असते असे समजू नये. भयाच्या क्षणी लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. भोवतालचे तपशील गळतात आणि पुढे सांगता सांगता बदलतातही. आपल्या आठवणीवर विश्वास ठेवावा, पण दुसऱ्याच्या आठवणीसाठीही जागा ठेवावी.

भय आणि चिंता : दुसरा बाण

भय समोरच्या धोक्याचे असते. चिंता न आलेल्या धोक्याची असते. कुत्रा अंगावर येतो तेव्हा वाटते ते भय. ‘उद्या त्या गल्लीतून जावे लागेल’ या विचाराने रात्री झोप लागत नाही, ती चिंता. भय धोका टळला की ओसरते. चिंतेला टळण्यासारखे समोर काहीच नसते, म्हणून ती रेंगाळते. भविष्याची कल्पना करण्याची माणसाची थोर शक्तीच येथे त्याच्यावर उलटते.

संयुक्त निकायातील सल्ल सुत्तात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. अज्ञ माणसाला दुःखाचा एक बाण लागतो आणि त्या दुःखाने शोक करून, तळमळून तो जणू दुसरा बाण स्वतःला मारून घेतो. शिक्षित श्रावकाला पहिला बाण लागतोच, पण तो दुसऱ्याला अवसर देत नाही. हृदयाची धडधड हा पहिला बाण; ‘माझे हृदय धडधडते आहे, म्हणजे मी नापास होणार, मी दुबळा आहे’ हा दुसरा.

परीक्षेच्या चिंतेचे शरीरशास्त्र पालकांनी अवश्य समजून घ्यावे. थोडा ताण लक्ष एकाग्र करतो. ताण फार वाढला की कपाळामागील मेंदूचा भाग, म्हणजे विचार जुळवण्याचे आणि मनात माहिती धरून ठेवण्याचे केंद्र, क्षीण होते. शिवाय कॉर्टिसॉल वाढलेले असताना आधी पक्के पाठ केलेलेही आठवेनासे होते. ‘सगळे येत होते, पण पेपर हातात आला आणि काहीच सुचेना,’ असे मूल सांगते तेव्हा ते सबब सांगत नसते.

भयाची आठवण पुसता येते काय?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. चटक्याला घाबरणाऱ्या उंदराला तोच सूर पुन्हा पुन्हा, पण चटक्याविना ऐकवला, तर त्याचे थिजणे हळूहळू थांबते. याला भयाचे विलोपन म्हणतात. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला, तो आवडीचा खाऊ खात असताना, ससा दररोज थोडा थोडा जवळ आणून दाखवला. अखेर ते मूल सशाला कुरवाळू लागले. आजच्या अनेक मानसोपचारांचा पाया हाच आहे.

परंतु विलोपन म्हणजे पुसणे नव्हे. काही काळ गेला, जागा बदलली किंवा पुन्हा एखादा चटका बसला की जुने भय परत डोके वर काढते. जुनी पाटी कोरी होत नाही. तिच्या शेजारी ‘येथे आता सुरक्षित आहे’ अशी नवी पाटी लागते. कपाळामागील मेंदू ही नवी पाटी वाचतो आणि अमिग्डालाला शांत करतो. २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे व लेडू यांनी उंदरांच्या बाबतीत दाखवून दिले की, जागी झालेली आठवण काही काळ पुन्हा मऊ होते आणि तेव्हा तिच्यात बदल होऊ शकतो. मानवी उपचारांत याचा उपयोग अद्याप प्रयोगावस्थेतच आहे.

हे वाचताना मज्झिम निकायातील भयभेरव सुत्ताची आठवण झाल्याविना राहत नाही. संबोधीपूर्वीच्या काळात बोधिसत्त्व मुद्दाम भयप्रद वनांत रात्री राहू लागले. एखादे हरिण येई, मोर काटकी मोडी, वारा पालापाचोळा हलवी आणि मनात भय उठे. तेव्हा त्यांनी विचार केला, भयाची वाट पाहत मी का बसावे? चालत असताना भय आले तर ते चालत राहिले, बसलेले असताना आले तर बसूनच राहिले; ते भय शमेपर्यंत त्यांनी आपली स्थिती बदलली नाही. ते पळाले नाहीत आणि भय नाकारलेही नाही. काटकी मोडण्याचा आवाज आणि धोका यांची जोड अनुभवानेच सुटू दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या रात्रींना आजच्या प्रयोगशाळेची भाषा लावणे धाडसाचे होईल; परंतु वाट तीच आहे, हे आम्हांला नम्रपणे नोंदवावेसे वाटते.

आधी चटका थांबला पाहिजे

येथे एक अट आहे आणि ती विसरली की विज्ञानही अन्यायाचे साधन बनते. विलोपन तेव्हाच होते, जेव्हा सूर वाजतो आणि चटका बसत नाही. चटका चालूच ठेवून ‘घाबरू नकोस’ असे सांगणे हा उपदेश नव्हे, ती क्रूरता आहे. ज्या समाजाला पाणवठ्यावर खरोखरच मार बसत होता, त्याचे भय हा मनोविकार नव्हता. ते वास्तवाचे अचूक ज्ञान होते.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण पाहा. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळच्या लेण्यांकडे जाताना दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. प्रवेशद्वाराजवळील हौदाच्या पाण्याने काहींनी हातपाय धुतले आणि पाणी बाटवल्याचा आरोप करीत जमाव धावून आला. शेवटी, आत कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर, शस्त्रधारी शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. मसूरनंतर तेहतीस वर्षे लोटली होती. मधे २० मार्च १९२७चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. तरीही चटका थांबलेला नव्हता. म्हणूनच बाबासाहेबांनी मनाला धीर देण्यावर समाधान मानले नाही, चटका देणारी व्यवस्थाच बदलण्याचे काम हाती घेतले. २६ जानेवारी १९५०पासून अमलात आलेल्या राज्यघटनेचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, तो या अर्थाने भयमुक्तीचा अनुच्छेद आहे.

स्टीव्हन मायर व मार्टिन सेलिगमन यांचे संशोधन येथे मार्गदर्शक ठरते. १९६७ साली त्यांनी दाखवले की, ज्या प्राण्यांना चटका थांबवण्याचा कोणताच उपाय नसतो, ते पुढे उपाय समोर असूनही निमूट बसतात. पन्नास वर्षांनी मेंदूचा अभ्यास करून त्यांनीच आपले स्पष्टीकरण बदलले. दीर्घ संकटात निमूट होणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. ‘मी काही करू शकतो’ हे मात्र शिकावे लागते, आणि एकदा शिकले की ते पुढच्या संकटातही आधार देते. शिक्षण, संघटन आणि संघर्ष ही बाबासाहेबांची त्रिसूत्री मेंदूच्या भाषेत हेच शिकवते, असे आम्हांला वाटते.

आपल्या वसतिगृहासाठी आणि घरासाठी

या विवेचनातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे शिक्षा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कायदा नसता तरी विज्ञान तेच सांगते. मारलेल्या मुलाला छडी आठवते, धडा आठवत नाही. आमच्या पिढीतील कित्येकांनी छडीचे गोडवे गायिले आहेत आणि आम्हीही त्यांत होतो. आज आम्ही ते मत सोडले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. नव्या मुलाचा मेंदू नव्या जागेत रात्रंदिवस पहारा देत असतो. तोच पलंग, तीच वेळ, तोच ओळखीचा चेहरा आणि मिणमिणता का होईना एक दिवा, यांनी ‘येथे सुरक्षित आहे’ ही पाटी लवकर लागते. पालकांनी ठरलेल्या वेळी फोन करावा आणि तो चुकवू नये. निरोप घेताना पालक स्वतः कोलमडले तर मूल ते भय उचलते. शांतपणे, खरे बोलून निरोप घ्यावा. न सांगता निघून जाऊ नये.

तिसरी गोष्ट म्हणजे श्वास. सावकाश, लांब सोडलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. भयाच्या काळात जी थोडकी सूत्रे आपल्या हाती उरतात, त्यांत श्वास हे प्रमुख आहे. आनापानसतीची दहा मिनिटे परीक्षेच्या आदल्या रात्री सुरू करून उपयोग नाही. ती रोजची सवय असावी. पुरेशी झोपही तितकीच आवश्यक आहे, कारण आठवणी पक्क्या होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. जागरण करून केलेला अभ्यास गळक्या घागरीत भरलेल्या पाण्यासारखा असतो.

चौथी गोष्ट म्हणजे टाळाटाळ. भयाची गोष्ट टाळली की तत्काळ बरे वाटते, म्हणून टाळण्याची सवय लागते आणि भय वाढते. बोलायला घाबरणाऱ्या मुलाला थेट व्यासपीठावर ढकलू नये. आधी दोन मित्रांसमोर, मग वर्गासमोर, मग सभेसमोर, अशा पायऱ्या कराव्यात.

पाचवी गोष्ट म्हणजे मदत. झोप व भूक आठवडेच्या आठवडे उडाली, मूल एकटे राहू लागले, जुना प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊ लागला किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा तोंडी आली, तर वाट पाहू नये. ध्यान हे औषधोपचाराला पर्याय नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे हाडाच्या डॉक्टरकडे जाण्याइतकेच स्वाभाविक मानावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

अभयाचा वारसा

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या, पूर्वीच्या औरंगाबादच्या, उत्तरेकडील डोंगरात बुद्धलेणी आहेत. तेथील सातव्या लेण्याच्या ओसरीत अवलोकितेश्वराचे एक मोठे शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस चार-चार लहान दृश्ये कोरली आहेत. आग, चोर, बंधन, बुडणारे जहाज, सिंह, सर्प, हत्ती आणि मृत्यूची छाया अशी ती आठ महाभये. घाबरलेली माणसे दोन्हीकडे आहेत आणि मधोमध शांत उभी आकृती. सहलीला जाणाऱ्या मुलांना आम्ही हे शिल्प मुद्दाम दाखवतो. त्या शिल्पकाराने भये लपवली नाहीत. ती मोजली, त्यांना आकार दिला आणि त्यांच्या मध्यभागी करुणेला उभे केले.

त्याच डोंगराच्या परिसरात बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव लाभले. राजा मिलिंदाने स्थविर नागसेनांना चर्चेस बोलावले, तेव्हा नागसेनांनी आधी अट विचारली : आपण पंडितांप्रमाणे बोलणार की राजांप्रमाणे? पंडितांच्या चर्चेत कोणी खोडून काढले तरी राग येत नाही. राजाला मात्र कोणी विरोध केला की तो दंड फर्मावतो. मिलिंदाने पंडितांप्रमाणे बोलण्याचे मान्य केले आणि निःशंक बोलण्यास सांगितले. मगच प्रश्नोत्तरे सुरू झाली.

प्रत्येक वर्गाच्या दारात प्रत्येक शिक्षकाने आणि घराच्या उंबऱ्यात प्रत्येक पालकाने स्वतःला हाच प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे. मुलाशी आज आपण पंडिताप्रमाणे बोलणार आहोत की राजाप्रमाणे? मसूरच्या स्थानकावर उतरलेल्या मुलाला त्या रात्री कोणी पाणी दिले नाही. आपल्या वसतिगृहाच्या फाटकातून येत्या जूनमध्ये जे मूल आत येईल, त्याला दारातच पाण्याचा पेला मिळावा आणि त्याचे नाव मायेने विचारले जावे. पहिल्या रात्रीची आठवण त्याच्या मनात कोरली जाणारच आहे. ती कोणती असावी, हे आपल्या हाती आहे.